ओदिल रँकूरचा डावा खांदा

बस सुटायच्या तासभर आधी ओदिल रँकूर बसमध्ये जाऊन बसते, हे बायकांच्या 'एरों' या आइस हॉकी संघात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ड्रायव्हर कॉफीचा पेला घेऊन यायचा, तर ही आपली डाव्या बाजूच्या खिडकीशी बसलेली. मांडीवर बॅग, कानांवर लोकरी टोपी आणि नजर दाराकडे. नव्या पोरींना वाटायचं, बाई फार शिस्तीची आहे. जुन्या जाणून होत्या की यात शिस्तीचा काही संबंध नाही. ही बाई कोणावर विश्वास ठेवत नाही, एवढंच.

आता हा रोग तिनं हौसेनं लावून घेतला होता असंही नाही. ओदिल माँट्रियालच्या दूर उत्तरेकडच्या, आबितिबी भागातल्या लाक-ओ-लू गावची. तांब्याच्या खाणीच्या दोन चिमण्या, एक चर्च, बर्फावर खेळायची एक रिंक आणि बाकी सगळा बर्फ. बाप जेराल्ड खाणीतून वर आला की जेवायच्या आधी अंगणात रबरी नळी धरून उभा राहायचा आणि पाण्याचे थर गोठवत गोठवत पोरीसाठी मैदान करायचा. मुलींचा संघ गावात नव्हताच. म्हणून ओदिल मुलांच्या संघात खेळली आणि त्यातल्या निम्म्यांपेक्षा बरी खेळली. हाच तिचा गुन्हा. बारा वर्षांची असताना संघ बाहेरगावी स्पर्धेला निघाला. तिला बस सातची सांगितली होती. ती बापाच्या जुन्या बॅगेत सामान भरून रिंकपाशी पोचली, तेव्हा तिथल्या अंगणात फक्त चाकांचे माग होते. बस सहालाच गेली होती. बाप खाणीत कामावर, आई दुकानात. पोरगी दिव्याखाली उभी राहिली ती नाकाचा शेंडा पांढरा पडेपर्यंत. मागाहून प्रशिक्षक म्हणाला, "अरेच्या, तुला सांगायचं राहूनच गेलं." पोरं खाली माना घालून फिदीफिदी हसत होती.

त्या दिवसापासून ओदिल कुठल्याही बसला उशीर करत नाही.

पुढं ती अमेरिकेतल्या कॉलेजात खेळली. परत येऊन बायकांच्या जुन्या लीगमध्ये खेळली. तिथं खेळायला मिळायचं, पगार मिळत नसे. दिवसभर शाळेत पोरांना उड्या मारायला शिकवायचं आणि संध्याकाळी सरावाला धावायचं. ती लीग एका रविवारी सकाळी फोनवरच्या दोन वाक्यांत बंद पडली. शनिवारी रात्रीच्या जेवणात मालक मंडळींनी सगळं उत्तम चाललंय म्हणून पेले उंचावले होते. झालं, ओदिलच्या संशयाला आणखी खत मिळालं. मग नवी लीग आली, खऱ्या पगाराची. माँट्रियालच्या एरों संघानं तिला घेतलं, तेव्हा ती तिशी ओलांडून पुढं गेली होती. एरों म्हणजे बगळे. छातीवर एका पायावर उभा असलेला निळा बगळा. कराराचा कागद तिनं तीनदा वाचला आणि सही करून झाल्यावर चौथ्यांदा वाचला.

तर अशी ही ओदिल, डिफेन्सची, पस्तिशीची. आणि यंदा लीगनं जाहीर केलं की मार्चमधला एक सामना लाक-ओ-लूच्या रिंकवर होणार.

बातमी ऐकली तशी ती उठली. स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली. ज्या अंगणात चाकांचे माग बघत उभी राहिली होती, त्याच अंगणात आता संघाच्या बसमधून उतरायचं, छातीवर नाव, पाठीवर नंबर. सगळं गाव बघणार. बाकी कुठल्याही चषकापेक्षा तिला हे हवं होतं. यानंतर स्केट्स कायमचे खुंटीला टांगायचे, हेही तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि डिसेंबरात सरावात वळताना तिचा उजवा गुडघा आतल्या आत कचकन वाजला.

हॉकीत दुखणं कोणी सांगत नाही. संघसुद्धा बाहेर एवढंच सांगतो की कमरेच्या वर दुखलंय किंवा कमरेच्या खाली. नेमकी जागा कळली तर पुढची मंडळी तिथंच ठोकणार. ओदिलनं तर आपल्या माणसांनाही सांगितलं नाही. सामन्यापूर्वी लवकर येऊन मोज्याखाली पट्टी आवळायची, बर्फाच्या पिशवीवर टॉवेल टाकायचा, जिना उतरताना बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून थांबायचं. मार्चच्या सुरुवातीला संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते. कोचला गुडघ्याचा वास लागला असता तर तिला दुसऱ्या शहराला पाठवून दिलं असतं, नाहीतर दुखापतग्रस्तांच्या यादीत टाकून घरी बसवलं असतं. मग कुठलं लाक-ओ-लू आणि कुठलं काय!

संशयाची पाल चुकचुकली ती खेपांवरून. बर्फावर कोणी सलग खेळत नाही. मिनिटभर जीव तोडून धावायचं, कठडा ओलांडून बाकावर यायचं, दम घ्यायचा आणि कोचची पाठीवर थाप पडली की पुन्हा उतरायचं. जानेवारी संपता संपता ओदिलच्या पाठीवरच्या थापा कमी झाल्या. कोच दनीज द्युबुक थाप मारायला हात उचलायची आणि तो शेजारच्या पाठीवर पडायचा. कोचचा चेहरा एरवीही दगडाचाच, त्यावर काही वाचायची सोय नव्हती.

म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं. पण कोणी?

गुडघ्याच्या जवळपास फिरणारी एकच व्यक्ती होती, माएल केसी. ओदिलची डिफेन्समधली जोडीदारीण, गास्पेच्या किनाऱ्यावरच्या मासेमाराची पोर, बावीस वर्षांची, तोंडाला कुलूप म्हणून नाही. बर्फावर ओदिल उजवीकडे, माएल डावीकडे. दौऱ्यावर दोघींना एकच खोली. या पोरीचं वागणं हल्ली ओदिलला खटकायला लागलं होतं. हॉटेलात जिना उतरताना ही मुद्दाम पुढं राहायची आणि हळूहळू उतरायची, म्हणजे मागच्या बाईला किती वेळ लागतो ते मोजता येतं. न्याहरीला आपणहून उठून ओदिलची ताटली भरून आणायची. इतकी गोड सेवा कोणी फुकट करतं का? सरावात ओदिलच्या वाट्याचा कोपऱ्यातला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, हीच धावत जाऊन उचलायची, जणू कोचला दाखवायचं होतं की म्हातारीला जमत नाही, मी आहे.

एकदा सरावानंतर माएल कोचच्या खोलीतून बाहेर पडली आणि समोर ओदिल.

"काय गं, काय काम होतं?" ओदिलनं विचारलं.

"काही नाही, असंच," माएल म्हणाली. बोलून बोलून दुसऱ्याचे कान किटवणारी पोरगी, आणि तिचं उत्तर एवढंच. वर कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

कुठंतरी पाणी मुरत होतं, नक्की.

ड्रेसिंग रूममध्ये कप्तान जोझियान स्टिकला काळी पट्टी गुंडाळता गुंडाळता ओरडायची, "ए बगळे! बसून घे जरा, किती वेळ उभी राहशील?" सगळ्या हसायच्या. संघाचं नावच बगळे, तेव्हा कोणीही कोणाला बगळी म्हणावं. पण जोझियान फक्त ओदिललाच का म्हणते, हा प्रश्न ओदिलला पडला आणि तिनं तोही माएलच्याच खात्यावर टाकला. ही पोरगी पाठीमागं काहीतरी बोलत असणार.

रविवारी तिनं आईला फोन लावला. आई रेजान लाक-ओ-लूत बायकांचे केस कापते. चाळीस वर्षं गावाची डोकी तिच्या हाताखालून गेली आहेत आणि डोक्यांबरोबर त्यांच्यातलं सगळंच.

"ममां, मला वाटतं, आमच्यातली एक पोरगी चुगल्या करते."

"वाटतं कशाला? बघून घे की," रेजान म्हणाली. मागे केस वाळवायच्या यंत्राची घरघर चालली होती. "माझ्या दुकानात असलं काही झालं की मी काय करते? जिच्यावर संशय असेल तिच्या कानात एक खोटी गोष्ट सोडते. अशी, की जी दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही. मग गप्प बसते. तीच गोष्ट दुसऱ्या बाईच्या तोंडून माझ्या खुर्चीत येऊन बसली की समजायचं. कोळशेवाल्याची बायको अशीच सापडली मला."

"आणि नाहीच आली तर?"

"येतेच गं. आजवर आली नाही असं झालंय कुठं?" रेजाननं आवाज खाली आणला. "आणि ऐक, सामन्याची तिकिटं संपलीत. तुला बघायला पुढची रांग धरून ठेवलीय मी. तू उतरशील ना?"

"उतरेन," ओदिल म्हणाली आणि तिनं गुडघ्यावरची बर्फाची पिशवी नीट केली.

फेब्रुवारीत टोरांटोला सामना होता. सामन्याच्या दिवशी दुपारी सगळ्या खेळाडू झोप काढतात, ती मोडायची नाही असा नियमच आहे. पडदे ओढलेले, खोलीत उन्हाची एक पट्टी. माएल पलंगावर उताणी पडून छताकडे बघत होती.

"झोपलीस?" ओदिलनं विचारलं.

"हो, गाढ. का गं, म्हातारे?"

"कोणाला सांगणार नसशील तर एक सांगते."

माएल कोपरावर उठून बसली. चेहरा इतका लगबगीनं पुढं आला की ओदिलला वाटलं, बघा, घास दिसला.

"माझा डावा खांदा गेलाय," ओदिल म्हणाली. "परवापासून. जरा धक्का लागला तरी डोळ्यांपुढं काजवे. हात वर जात नाही."

खांदा ठणठणीत होता. तिनं तो दाखवायला म्हणून थोडा वाकडा धरला.

माएलनं त्या खांद्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "डावाच ना? म्हणजे माझ्या बाजूचा?"

"हो."

"बरं. झोप आता," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. ओदिल मात्र टक्क जागी. आता फक्त वाट बघायची.

फार बघावी लागली नाही. संध्याकाळी बर्फावर उतरण्याआधी कोच दाराशी उभी होती. प्रत्येकीच्या शिरस्त्राणावर टकटक करायची तिची रीत. ओदिलच्या वेळी तिनं हात खाली आणला, डाव्या खांद्यावर ठेवला आणि दाबला. "आज सांभाळून," एवढं म्हणाली.

सापडली! ओदिलच्या अंगातून चीड आणि समाधान दोन्ही एकदम सळसळत गेलं. कोचनं त्या संध्याकाळी आणखी किती जणींच्या खांद्यावर हात ठेवला, हे बघायला ती मागे वळली नाही. संशयी माणूस सगळीकडे बघतो असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. तो हवं तेवढंच बघतो.

राष्ट्रगीताला रांग लागली. ओदिल मान ताठ करून उभी होती आणि मनात माएलला सुनवायची वाक्यं जुळवत होती. सामना संपू दे, खोलीवर जाऊ दे, मग बघते.

सामन्याच्या दुसऱ्या भागात पक घरंगळत एरोंच्या कोपऱ्यात आला. ओदिल तो काढायला वळली, पाठ मैदानाकडे, तोंड कठड्याकडे. अशा वेळी जोडीदारणीनं गोलच्या पुढ्यात उभं राहायचं असतं. ही पहिली इयत्ता आहे, अंगणातल्या बर्फावर शिकवतात ती. मागून टोरांटोची एक धिप्पाड पोरगी पूर्ण वेगानं येत होती, ओदिलच्या डाव्या अंगावर. ओदिलला तिच्या स्केट्सचा करकर आवाज ऐकू आला आणि तिनं सवयीनं अंग आवळलं. असले धक्के तिनं हजारांनी खाल्ले होते.

धक्का आलाच नाही. माएल गोल सोडून धावत आली होती. ती दोघींच्या मध्ये शिरली, ओदिलच्या डाव्या खांद्याला आपली पाठ लावली आणि कठड्यावर आदळली. काडी मोडावी तसा आवाज झाला. पक सुटून गोलच्या पुढ्यात गेला, तिथं कोणीच नव्हतं, त्यामुळं टोरांटोचा गोलही झाला. पण तिकडं ओदिलचं लक्ष नव्हतं. माएल बर्फावर गुडघ्यांवर बसली होती, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

"लागलं नाही ना तुला?" माएलनं विचारलं. ओठ पांढरे पडले होते.

गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पोरीचा हंगाम संपला.

आठवडाभर ओदिल तिच्याकडे गेली नाही. गुडघ्यावर बर्फ ठेवून भिंतीकडे बघत बसली. कोचनं खांद्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. अदलाबदलीची तारीख आली आणि गेली, ओदिलला कोणी कुठं पाठवलं नाही. लाक-ओ-लू चार पावलांवर आलं. शेवटी मटारचं सूप डब्यात घेऊन ती माएलच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. माएल सोफ्यावर, हात गळ्यात बांधलेला, केस विंचरायचं जमत नव्हतं म्हणून नुसता गुंता.

"ये ये," माएल म्हणाली. "खांदा कसा आहे तुझा?"

ओदिलनं डबा खाली ठेवला. "खांद्याला काही झालेलं नाही."

"बरा झाला?"

"कधी दुखतच नव्हता. मी खोटं सांगितलं."

माएल हसली, मग थांबली. "का?"

"बघायचं होतं, तू कोचला सांगतेस का. म्हणजे गुडघ्याचं तूच सांगितलंस का, ते कळलं असतं."

"गुडघ्याचं?" माएलनं डोळे विस्फारले. "अगं, गुडघ्याचं कोणी कोणाला सांगायचं? आंधळ्यालाही दिसेल. राष्ट्रगीत सुरू झालं की तू उजवा पाय उचलून उभी राहतेस. डिसेंबरपासून, दर सामन्यात. जोझियान तुला बगळी म्हणते ते काय उगाच? सगळ्यांनी ठरवलंय, म्हातारीला तिच्या गावापर्यंत न्यायचंच. कोपऱ्यातले पक मी का उचलायचे? जिन्यात पुढं का चालायचे? पडलीस तर माझ्यावर पडावीस म्हणून, वेडे!"

ओदिलनं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"आणि कोचकडे मी गेले होते ते आमची जोडी मोडू नका म्हणायला. उजवीकडे वळताना हिला वेळ लागतो, ते माझ्या अंगात बसलंय, दुसऱ्या कोणाला जमणार नाही, एवढंच बोलले."

या क्षणी काय बोलायला हवं होतं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ओदिललाही कळत होतं. पण बावीस-तेवीस वर्षं घासून धार लावलेलं हत्यार, ते आपोआप चालतं. तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे माझ्या गुडघ्याबद्दल तू कोचशी बोललीस तर."

माएलच्या चेहऱ्यावरचं सगळं विझून गेलं.

"घरी जा, ओदिल," ती म्हणाली.

ओदिल रस्त्यावर आली. बर्फ उडवणारी गाडी शेजारून गेली, पायांवर चिखल उडाला, तरी ती तशीच उभी. माएल ही गोष्ट कोणालाही सांगणार नाही, याबद्दल आता तिला तिळमात्र संशय नव्हता. तोंड मिटून बसलं तर लाक-ओ-लूला उतरता येणार होतं, आई पुढच्या रांगेत असणार होती. आणि माएल घरी बसून, हात गळ्यात बांधून, टीव्हीवर बघणार होती. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाची खात्री पटली होती आणि ती अशी पटावी, याची ओदिलला इतकी लाज वाटली की ती तिथून सरळ रिंकवर गेली.

कोच द्युबुक कॉफी पीत जुन्या सामन्याची चित्रफीत बघत होती. ओदिलनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुडघा, आईचं दुकान, दुपारची झोप, खांदा.

"गुडघा मला ठाऊक होता," द्युबुक म्हणाली. "तुझ्या खेपा कमी केल्या त्या कशासाठी? मार्चपर्यंत पुरावीस म्हणून."

"आणि खांदा? त्या दिवशी तुम्ही खांद्यावर हात ठेवलात."

"त्या दिवशी सगळ्यांच्याच ठेवला. टोरांटोच्या पोरी धसमुसळ्या आहेत." द्युबुकनं पेला बाजूला सारला. "हे बघ ओदिल, दुखणं लपवायचं हे मीच शिकवते. पत्रकारांना खोटं सांग, समोरच्या संघाला सांग, मला सांगितलंस तरी मी समजून घेईन. पण जी तुझ्या शेजारी उभी राहते तिला नाही. ती कुठं उभी राहायचं ते तुझ्या शब्दावर ठरवते. माएल चुकीच्या जागी होती, कारण तू तिला तिथं पाठवलंस. आता सांग, तुझ्या डावीकडे मी कोणाला उभी करू?"

उत्तराची वाट न बघता कोचनं चित्रफीत बंद केली.

"बसमध्ये ये," द्युबुक म्हणाली. "गाव तुझं आहे. पण साध्या कपड्यांत ये."

लाक-ओ-लूची बस सुटायच्या तासभर आधी ओदिल खिडकीशी बसली होती, आयुष्यभराच्या सवयीनं. पोरी चढल्या. तोवर सगळ्यांना कळलं होतं, कारण ओदिलनंच ड्रेसिंग रूममध्ये उभं राहून सांगितलं होतं. आजवर तिनं एवढं लांब भाषण कधी केलं नव्हतं. पोरी तिला ओलांडून मागं जाऊन बसल्या. कोणी बगळीही म्हटलं नाही, आणि ते फार लागलं. माएलही आली होती, हट्टानं, हात गळ्यात. ती ड्रायव्हरच्या मागं पहिल्या बाकावर बसली आणि वाटेतल्या सगळ्या जंगलात एकदाही मागं वळली नाही.

रिंक तुडुंब भरली होती. ओदिल आईजवळ पुढच्या रांगेत बसली, रस्सा आणि चीज घातलेले बटाटे मांडीवर गार होत होते. ज्यांनी तिला दिव्याखाली सोडलं होतं ती पोरं आता टक्कल पडून, पोटं सुटून, आपापल्या मुली घेऊन आली होती. त्या मुलींच्या अंगावर तिच्या नंबरचे शर्ट होते. एकानं येऊन विचारलं, "खेळत नाहीस आज?"

"नाही," ओदिल म्हणाली. "माझ्या चुकीनं."

रेजाननं सगळं ऐकून घेतलं होतं. तिनं ओदिलच्या मांडीवरचा एक बटाटा उचलून खाल्ला. मग म्हणाली, "कोळशेवाल्याची बायको तेव्हापासून माझ्या दुकानात आलेली नाही. तिला सांगायला हवं, ये म्हणून. केस वाढले असतील तिचे."

एरों जिंकले. गर्दी पांगली, आईनं गालाचा मुका घेतला आणि ती घरी गेली. ओदिलला बसकडे जायचं होतं, पण पाय तिकीट खिडकीच्या आडोशाला थांबले. तिथून काचेतून सगळं अंगण दिसत होतं. तोच दिवा, तोच बर्फ, मधोमध बस, धूर सोडत उभी. पोरी एकेक करून चढल्या. शेवटची चढली. ओदिल तिथंच उभी राहिली. आपण का थांबलोय, हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि त्यासाठी ती स्वतःला शिव्याही देत होती. पण बघितल्याशिवाय राहवेना. आता दार बंद होईल. आता चाकं हलतील. जातील, सगळे जातातच.

दार बंद झालं नाही. ड्रायव्हरनं एकदा भोंगा वाजवला. खिडक्यांमधून डोकी दिसली. मग माएल पायऱ्या उतरून खाली आली, टोपीशिवाय, एक बाही रिकामी लोंबत. तिनं अंगणभर नजर फिरवली. तिकीट खिडकीपाशी येऊन ती नजर थांबली. दिव्याच्या बरोबर खाली माएलनं उजवा पाय उचलला आणि ती एका पायावर उभी राहिली, डुलत, मोडका हात सांभाळत.

"ए बगळे!" ती ओरडली. "दिसतेस तू काचेतून! आम्ही गारठतोय इथं. आणखी काय काय तपासायचं राहिलंय तुझं?"

ओदिल बाहेर आली. उघड उघड लंगडत, नाडी सुटल्याचं कुठलंही नाटक न करता, सगळ्या खिडक्यांसमोरून चालत आली.

"काही नाही राहिलं," ती म्हणाली. बसच्या दाराला हात लावून पुन्हा म्हणाली, "काही नाही."

"मग चढ."

ती चढली आणि आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या खिडकीशी बसली. माएल मागून आली, पहिल्या बाकापाशी क्षणभर थांबली, आणि पुढं येऊन तिच्या शेजारी टेकली. डोळे मिटून घेतले. तिचा मोडका खांदा आता ओदिलच्या बाजूला होता. रस्त्यावर गोठलेल्या बर्फाचे उंचवटे होते. बस हलली तशी ओदिलनं आपली टोपी काढली, घडी केली आणि त्या खांद्याच्या आणि आपल्या मध्ये धरून ठेवली.